सेमोव्हेंते दा ९०/५३ : इटलीची रणगाडाभेदी तोफगाडी आणि सिसिलीतली तिची लढाई

चिलखत

दुसऱ्या महायुद्धातल्या रणगाड्यांचा विषय निघाला की चर्चा टायगर, टी-३४ आणि शर्मन यांच्याभोवतीच फिरते. इटलीचं नाव आलं की दोन वाक्यांत निकाल लागतो: गाड्या किरकोळ, चिलखत पातळ, संपलं. हा निकाल मला कधीच पटला नाही. का पटत नाही ते सांगायला सेमोव्हेंते दा ९०/५३ या तोफगाडीइतकं चांगलं उदाहरण नाही. १९४२ मध्ये अवघ्या ३० बनल्या, पण त्या तिसांत इटलीच्या युद्धयंत्रणेचं बळ आणि दुखणं दोन्ही एकाच जागी बघायला मिळतं.

सुरुवात रशियापासून करू. १९४१ च्या उन्हाळ्यात मुसोलिनीने हिटलरच्या मदतीला रशियात फौज धाडली. तिच्याबरोबर होते ते एल ३ जातीचे, तीन-साडेतीन टनांचे, मशीनगन लावलेले दोन माणसांचे छोटे रणगाडे. समोर उभे रशियाचे टी-३४ आणि केव्ही-१ रणगाडे. पुढच्या वर्षी एल ६/४० हा हलका रणगाडा आणि त्याच सांगाड्यावर ४७ मि.मी. तोफ बसवलेली सेमोव्हेंते ४७/३२ तिकडे पोचली, पण तिच्यानेही काम भागणारं नव्हतं. टी-३४ चं पुढचं चिलखत ४५ मि.मी. जाड आणि वर चांगलं तिरकं, केव्हीचं तर ७५ मि.मी. त्यामुळे मागणी साधी होती: हे रणगाडे लांबून फोडू शकेल अशी तोफ द्या, आणि ती ट्रकने ओढायची नको, स्वतःच्या पट्ट्यांवर हलणारी हवी.

तोफ इटलीकडे होती. अन्साल्दो कंपनीची ९० मि.मी. विमानविरोधी तोफ, १९३९ चं मॉडेल. त्या काळातल्या उत्तम तोफांपैकी ती एक, यात मला तरी शंका नाही. जर्मनांच्या गाजलेल्या ८८ शी तिची तुलना होते आणि ती बरोबरीची ठरते. चिलखतभेदी गोळा सेकंदाला साधारण ७५० मीटर वेगाने सुटायचा, गोळ्याचं वजन दहा किलोच्या वर. १९४२-४३ मध्ये मित्रराष्ट्रांकडे असलेला कुठलाही रणगाडा ती एक किलोमीटरवरून फोडू शकत होती.

अडचण होती ती खाली काय ठेवायचं याची. इटलीकडे तेव्हा हाताशी असलेला सगळ्यात मोठा सांगाडा म्हणजे एम १४/४१ या मध्यम रणगाड्याचा. मध्यम हे इटालियन वर्गीकरण. वजन १४ टनांच्या आसपास. त्याच्यावर ही तोफ सरळ चढणं शक्यच नव्हतं. मग अन्साल्दोच्या अभियंत्यांनी सांगाडा लांबवला, मागचं इंजिन उचलून मध्यभागी आणलं आणि रिकाम्या झालेल्या मागच्या भागात तोफ बसवली. पुढे चालक आणि कमांडर बंद चिलखतात, मागे तोफेवर दोघे जण उघड्यावर. त्यांच्यापुढे फक्त तोफेची ढाल. डोक्यावर जवळजवळ काही नाही, पाठीमागे काही नाही. तयार गाडी १७ टनांची झाली.

जागा इतकी कमी उरली की गाडीत गोळे मावायचे जेमतेम सहा-आठ. म्हणून प्रत्येक तोफगाडीमागे गोळे वाहणारी दुसरी गाडी द्यावी लागली. एल ६ च्याच सांगाड्यावर ती बनवली. तिच्यात २६ गोळे आणि मागे जोडलेल्या ट्रेलरमध्ये आणखी ४०.

आता मुख्य गोष्ट. ज्या रशियासाठी ही गाडी जन्मली तिथे तिच्यातली एकही गेली नाही. ३० पैकी २४ गाड्या दहाव्या स्वयंचलित (म्हणजे स्वतःच्या पट्ट्यांवर हलणाऱ्या तोफांच्या) तोफखाना गटात गेल्या. आठ-आठ गाड्यांच्या तीन तुकड्या, आणि तो गट उतरला सिसिलीत. जुलै १९४३ मध्ये अमेरिकन फौज किनाऱ्यावर उतरली तेव्हा या गाड्या तिच्यासमोर आल्या आणि थोड्याच दिवसांत बहुतेक संपल्या.

बऱ्याच ठिकाणी तिला 'फसलेली रणगाडाभेदी गाडी' म्हटलेलं असतं. माझं मत वेगळं आहे. ही मुळात लांब पल्ल्याची तोफ, तिला पट्टे लावले. मोकळ्या मैदानात, दोन किलोमीटरवरून, दबा धरून मारायचं आणि जागा बदलायची यासाठी ती बनली. तिला नेऊन टाकलं डोंगराळ बेटावर, जिथे पुढच्या वळणापलीकडचं दिसत नाही. गाडीच्या आराखड्याचा दोष किती आणि वापरणाऱ्यांचा किती, यावर जाणकारांचं मत ऐकायला आवडेल.

गिरिजा७

छान लिहिलंय, वाचता वाचता फोटो शोधून बघितले. दोन प्रश्न, अगदी प्राथमिक आहेत. ९०/५३ हे आकडे कसले? आणि विमानं पाडायची तोफ रणगाड्यांवर इतकी चालते कशी? मला वाटायचं दोन्ही कामं पूर्ण वेगळी.

चिलखत

@गिरिजा७, पहिला आकडा नळीच्या तोंडाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. दुसरा आकडा नळीची लांबी त्या व्यासाच्या कितीपट ते सांगतो. म्हणजे ९० गुणिले ५३, ४,७७० मि.मी., पावणेपाच मीटरच्या वर नळी. ४७/३२ ची नळी याच हिशेबाने दीड मीटर. ७५/१८ ची एक मीटर पस्तीस. इटालियन तोफांची नावं वाचताना हा गुणाकार मनात करायची सवय लागली की अर्धं चित्र लगेच समोर येतं.

दुसऱ्याचं उत्तर वेगात आहे. पाच-सात हजार मीटर उंचीवरच्या विमानापर्यंत गोळा लवकर पोचायला हवा, नाहीतर विमान पुढे निघून गेलेलं असतं. म्हणून विमानविरोधी तोफेची नळी लांब आणि दारूचा भार मोठा. हाच वेग आडवा वापरला की गोळा जवळजवळ सरळ रेषेत जातो. अंतराचा अंदाज शे-दोनशे मीटर इकडेतिकडे झाला तरी नेम चुकत नाही, आणि पोलादावर आदळताना जोर भरपूर उरलेला असतो. जर्मनांनी ८८ आडवी वापरून १९४० मध्ये फ्रान्समध्ये आणि पुढे आफ्रिकेत हेच दाखवून दिलं होतं.

यंत्रकी

अभियांत्रिकीच्या बाजूने थोडं. आराखड्याकडे बघताना माझं लक्ष आधी इंजिनाकडे जातं.

एम १४/४१ ला आठ सिलिंडरचं १४५ अश्वशक्तीचं इंजिन होतं. तेच इथे. मूळ रणगाड्याला टनामागे साधारण १० अश्वशक्ती मिळायची, ती इथे साडेआठवर आली. तुलनेला जर्मन नासहॉर्न घ्या. तीही याच पद्धतीची, ८८ ची लांब तोफ मागे, इंजिन मध्ये. २४ टनांना ३०० अश्वशक्ती, म्हणजे टनामागे साडेबारा. अमेरिकन एम १० ला ३७५, तिथेही साडेबाराच्या पुढे. टी-३४ तर १९ च्या घरात. सपाट रस्त्यावर हा फरक फारसा जाणवणार नाही. चढावर, वळणावर, ढेकळांच्या शेतात लगेच जाणवतो. गाडी खालच्या गिअरमध्ये राहते, इंजिन तापत जातं, आणि जुलैच्या सिसिलीत ते आधीच तापलेलं.

दुसरं सस्पेन्शन. एम मालिकेची रचना जुन्या धाटणीची: एका बाजूला आठ छोटी चाकं, चार-चारच्या दोन गटांत, आणि भार पेलायला लीफ स्प्रिंग, म्हणजे आपल्या ट्रकखाली असतात तसले पाटे. ११-१२ टनांच्या गाडीसाठी ते चांगलं होतं. त्याच पाट्यांवर १७ टन आले, आणि त्यातही तोफेचं वजन मागच्या टोकाला. प्रत्येक गोळ्यामागे तोफेचा धक्का याच सांगाड्यात उतरायचा. गाडी चालायची, पण सांगाड्याचं आयुष्य रोज खर्ची पडत होतं.

पण इंजिन मध्ये आणायचा निर्णय अगदी योग्य होता, हे ठासून सांगायला हवं. इंजिन मागे ठेवलं असतं तर तोफ त्याच्या वर चढवावी लागली असती आणि गाडीची उंची कुठल्या कुठे गेली असती. प्रत्यक्षात सव्वादोन मीटरच्या आत बसवली. एवढ्या मोठ्या तोफेसाठी हे फार कमी आहे. दबा धरून मारणाऱ्या गाडीला उंची हाच पहिला शत्रू. शिवाय तोफ मागे गेल्यामुळे लांब नळी गाडीच्या पुढे फार लोंबत नाही. नळीचं वजन सांगाड्याच्या वर राहतं, अरुंद जागी गाडी वळवता येते. जर्मनांनी पुढच्याच वर्षी नासहॉर्नमध्ये स्वतंत्रपणे हीच मांडणी केली. त्यावरून अन्साल्दोच्या लोकांची दिशा बरोबर होती हे दिसतं.

स्केलवाला

मी छोट्या प्रतिकृती बनवतो, त्यामुळे या गाडीच्या मागच्या भागाचे जुने फोटो भिंग लावून बघितले आहेत. तोफेवरच्या दोघांची जागा नेमकी कशी होती ते लिहितो, कारण 'उघडी गाडी' म्हटलं की लोकांना मार्डर या जर्मन तोफगाडीसारखी तीन बाजूंनी भिंती असलेली पेटी डोळ्यांसमोर येते. इथे पेटीच नाही.

तोफेची ढाल पुढून आणि दोन्ही बाजूंनी येते, वर छोटंसं उतरतं छत. ढाल तोफेबरोबर फिरते. ढालीच्या मागे तोफेची ब्रीच (गोळा भरायचं मागचं तोंड) आणि तिच्या बाजूला तोफचीची बैठक. त्याच्या पाठीशी गाडी संपते. लढाईच्या वेळी गोळा भरणारा जमिनीवर किंवा मागच्या काठाशी उभा राहतो. गोळा संपला की गोळेगाडीकडे जायचं, भलं मोठं काडतूस दोन्ही हातांनी उचलायचं, परत यायचं, ब्रीचमध्ये सरकवायचं. पितळी काडतुसासकट हा गोळा लहान मुलाच्या उंचीचा असतो. गोळेगाडी चार पावलं मागे उभी केली तर वेग राहतो, पण मग एकाच तोफगोळ्यात दोन्ही गाड्या जाऊ शकतात. लांब उभी केली तर वेग जातो. अशा वेळी बॅटरीच्या, म्हणजे तोफांच्या तुकडीच्या, प्रमुखाने काय निवडायचं? मला या गाडीतली सगळ्यात मोठी अडचण हीच वाटते, चिलखताच्या जाडीहूनही मोठी.

आणखी एक बारकावा. तोफ दोन्ही बाजूंना साधारण चाळीसेक अंश फिरते. त्यापलीकडे नेम घ्यायचा तर सगळी गाडी वळवावी लागते, आणि चालक बसलाय पार पुढे, मध्ये इंजिन. तोफेवरच्या माणसाचा आवाज इंजिनाच्या घरघरीतून त्याच्यापर्यंत पोचायला हवा.

उभा_डाव

माझं मत विरुद्ध आहे. चिलखत यांनी या गाडीला जरा जास्तच झुकतं माप दिलंय.

३० गाड्या म्हणजे काय हो? १९४३ च्या युद्धात तीस गाड्या एका दुपारी संपतात. इटलीच्या रणगाडाभेदी तोफगाड्यांविषयी बोलायचं तर मानाचं पान सेमोव्हेंते ७५/१८ ला द्यायला हवं. कर्नल सेर्जिओ बेर्लेसे यांनी जर्मनांची स्टुग ही बुटकी, बंद तोफगाडी बघून ती कल्पना मांडली आणि १९४१ च्या फेब्रुवारीत नमुना तयारही झाला. बुटकी, बंद, चारही बाजूंनी चिलखत. पहिल्या ६० एम १३/४० च्या सांगाड्यावर, पुढच्या एम १४/४१ आणि एम १५/४२ वर. १९४२ च्या सुरुवातीपासून त्या आफ्रिकेत होत्या, आरिएते आणि लित्तोरिओ या चिलखती डिव्हिजनांबरोबर. नळी आखूड, वेग कमी, तरी पोकळ भाराचा गोळा आल्यावर तिने ग्रँट आणि शर्मन रणगाडे फोडले. पोकळ भाराच्या गोळ्याला वेगाची गरज नसते, तो आदळल्यावर स्फोटाची धार करून पोलाद भेदतो. इजिप्तमधल्या एल अलामेनच्या लढाईपर्यंत इटालियन चिलखती दळाचा कणा तीच होती.

९० मि.मी. साठी लागलेला वेळ, पोलाद आणि अन्साल्दोच्या सेस्त्री पोनेंतेच्या कारखान्यातली जागा ७५/१८ साठी वापरली असती, तर त्याच कष्टात किती तरी जास्त उपयोगी गाड्या मिळाल्या असत्या. ज्या गाडीत दोन माणसं उघड्यावर, गोळे आठ, आणि चढावर इंजिन धापा टाकतंय, ती गाडी आराखड्यातच चुकली आहे. भूप्रदेशाला दोष देऊन काय उपयोग?

चिलखत

@उभा_डाव, ७५/१८ बद्दल शंभर टक्के सहमत. ती इटलीची सर्वोत्तम चिलखती गाडी होती असंच मीही म्हणेन. पण तिची मर्यादा तुम्ही सांगितलेल्या गोष्टीतच आहे. पोकळ भाराचा गोळा कमी वेगाने, उंच कमानीतून जातो. पाच-सहाशे मीटरपलीकडे हलत्या रणगाड्यावर नेम धरणं फार अवघड. शर्मनची ७५ मि.मी. तोफ त्याच अंतरावरून इटालियन गाडीचं पुढचं पोलाद सहज फोडायची. म्हणजे ७५/१८ च्या दळाला प्रत्येक वेळी शत्रूच्या माऱ्याच्या टप्प्यात शिरूनच लढावं लागलं. ९०/५३ ला ती गरज नव्हती. ती दोन हजार मीटरवर उभी राहू शकत होती. दोन्ही गाड्या एकमेकींना पूरक होत्या. एकीऐवजी दुसरी असा हिशेब मला पटत नाही.

आणि पातळ चिलखताबद्दल एक प्रश्न. रणगाडाभेदी तोफेची तुलना आपण रणगाड्याशी का करतो? ट्रकने ओढायच्या तोफेवरचे सगळेच उघड्यावर असतात. त्या तोफेला कोणी 'फसलेली' म्हणत नाही. इटालियनांनी हीच ९० मि.मी. तोफ लान्चिया ३ आरओ आणि ब्रेडा ५२ या जड ट्रकांवरही चढवली होती आणि उत्तर आफ्रिकेत वापरली. ट्रक उंच, सगळ्यांना लांबून दिसणारे, चिलखत जवळपास नाहीच. तरी मोकळ्या वाळवंटात त्यांचा उपयोग झाला. पट्ट्यांवरची गाडी त्यांच्याहून कितीतरी बुटकी आणि रस्ता सोडून चालणारी.

दूरबीन

सिसिलीच्या नकाशावर बरेच तास घालवले आहेत, त्यामुळे प्रत्यक्ष लढाईबद्दल लिहितो. चर्चा इथवर गाडीपुरती झाली. त्या गाडीभोवती काय होतं, तेही बघायला हवं.

१० जुलै १९४३ ला अमेरिकन जनरल पॅटनचं सातवं सैन्य दक्षिण किनाऱ्यावर उतरलं. डाव्या टोकाला लिकाता इथे ट्रस्कॉटची तिसरी पायदळ डिव्हिजन, सोबत दुसऱ्या चिलखती डिव्हिजनचा एक भाग. त्यांच्यासमोर होती इटालियन २०७ वी किनारी डिव्हिजन. किनारी डिव्हिजन म्हणजे वयस्क राखीव सैनिक, जुन्या तोफा, वाहनं नावापुरती, आणि मैलोन् मैल किनारा राखायची जबाबदारी. पहिल्याच दिवशी लिकाता पडलं.

दहावा स्वयंचलित गट कानिकात्तीच्या आसपास राखीव होता. लिकाताहून कानिकात्तीकडे जाणारा रस्ता उत्तरेला काम्पोबेल्लो दि लिकाता या गावातून चढत जातो. सगळा मुलूख टेकड्यांचा, गव्हाची कापलेली शेतं, बदाम-ऑलिव्हच्या बागा, दगडी बांध, आणि रस्ता घळींमधून वळत जाणारा. जनरल श्राइबर यांच्या हाती जमवाजमव केलेली तुकडी होती: बेर्सालिएरी (इटलीचं चपळ पायदळ), थोडा तोफखाना आणि या ९० मि.मी. गाड्या. ११ जुलैला काम्पोबेल्लोच्या परिसरात लढाई झाली आणि १२ ला कानिकात्ती अमेरिकनांच्या हातात गेलं. या दोनच दिवसांत गटाने गाड्यांचा मोठा भाग गमावला. उरलेल्या मध्य सिसिलीच्या डोंगरांतून मागे हटत लढत राहिल्या आणि एकेक करून संपल्या.

का, याची कारणं माझ्या मते अशी. आकाश पूर्णपणे मित्रराष्ट्रांचं होतं. तोफेच्या ढालीला वरून आडोसा नाही, त्यामुळे विमान खाली उतरलं की तोफेवरचे दोघे उघडे. अमेरिकन तोफखान्याचा मारा फार झटपट व्हायचा. निरीक्षकाने एकदा जागा सांगितली की काही मिनिटांत तिथे गोळे पडायला लागत, आणि जवळ पडलेल्या गोळ्याची एक किरच एका तोफेवरची माणसं गारद करायला पुरे. रणगाडा याच माऱ्यातून झाकण लावून बाहेर पडतो. ही गाडी पडू शकत नाही.

तिसरं कारण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. अशा तोफांभोवती पायदळ लागतं. बाजूच्या टेकडीवरून शत्रूची एक प्लाटून मशीनगन घेऊन आली तर ९० मि.मी. तोफ काहीच करू शकत नाही. गाडीला स्वतःची मशीनगन बसवलेली नव्हती. किनारी डिव्हिजन विस्कटल्यावर बाजू सांभाळायला पुरेसं पायदळ उरलं नाही. अमेरिकन पायदळ टेकड्यांवरून दोन्ही बाजूंनी वळसा घालून पुढे सरकत होतं. समोरून रणगाडे यायची वाट बघत बसलेल्या तोफेला हा डाव तोडता येणं शक्यच नव्हतं.

तोफेने मात्र आपलं काम केलं. जिथे तिला सरळ दिसलं तिथे तिने अमेरिकन गाड्या रोखल्या. त्या दोन दिवसांत या गटाने केलेल्या प्रतिकाराचं श्रेय त्याला द्यायलाच हवं, कारण त्याच आठवड्यात बेटावरच्या कित्येक तुकड्यांनी लढाई न करताच हत्यारं टाकली.

भिंगारवाला

अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयाजवळ वाढलो, म्हणून या धाग्यात एक जोड. तिथे सेमोव्हेंते नाही, पण याच प्रश्नाचं ब्रिटिशांनी काढलेलं उत्तर उभं आहे: आर्चर. व्हॅलेंटाइन रणगाड्याच्या छोट्या सांगाड्यावर १७ पौंडी तोफ. सांगाडा लहान, तोफ राक्षसी, म्हणजे अडचण अन्साल्दोसारखीच. ब्रिटिशांनी इंजिन जागचं हलवलं नाही. तोफच उलटी बसवली, नळीचं तोंड गाडीच्या मागच्या बाजूला. त्यामुळे गाडी लढाईच्या जागी उलटी नेऊन लावायची, मारा करायचा आणि निघताना सरळ पुढे पळायचं. वरून तीही उघडी. पण भिंती छातीपर्यंत उंच आहेत, माणसं पेटीच्या आत उभी राहतात. स्केलवाला यांनी वर्णन केलेली मागची बाजू आणि आर्चरची पेटी मनात शेजारी ठेवून बघा, किती फरक पडतो ते कळेल. वजन १५ टनांच्या आसपास, म्हणजे ९०/५३ पेक्षा कमी, आणि तरी आत चाळीसच्या आसपास गोळे.

त्याच आवारात जर्मन ८८ सुद्धा आहे. तिच्या ब्रीचशेजारी उभं राहिलं की ९० मि.मी. तोफ १४ टनांच्या रणगाड्यावर चढवणं म्हणजे काय काम असेल याची कल्पना येते. ज्यांना जमेल त्यांनी नक्की जाऊन यावं.

मुक्ता_व

वाचतेय, धागा फार आवडला. इटलीत आपल्या मराठा पलटणीही लढल्या ना? त्यांची या गाड्यांशी गाठ पडली होती का?

दूरबीन

@मुक्ता_व, सिसिलीत मराठा पलटणी नव्हत्या. आठवी भारतीय डिव्हिजन सप्टेंबर १९४३ मध्ये तारांतोला उतरली. तोवर या गाड्यांची मुख्य लढाई होऊन गेली होती आणि इटलीने ८ सप्टेंबरला युद्धबंदी जाहीर केली होती. मराठा पलटणींची इटलीतली लढाई पुढची, जर्मनांविरुद्धची. नाईक यशवंत घाडगे यांना १० जुलै १९४४ च्या टायबर खोऱ्यातल्या लढाईसाठी मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, आणि नामदेव जाधव यांना (हयातीत) ९ एप्रिल १९४५ च्या सेनिओ नदीवरच्या लढाईसाठी. त्यावर वेगळा धागा व्हायला हवा, तिथे सविस्तर लिहीन.

उभा_डाव

दूरबीन यांचं विश्लेषण वाचलं. पायदळाचा मुद्दा पटला. पण त्यातून माझंच म्हणणं पक्कं होतं असं मला वाटतं. जी गाडी सभोवती पायदळ, वर विमानांचं छत्र आणि मागे गोळेगाडी असं सगळं जुळून आल्याशिवाय लढू शकत नाही, ती १९४२ च्या इटलीने बनवायलाच नको होती. त्या देशाकडे या तिन्ही गोष्टी नव्हत्या. आराखडा करणाऱ्याने आपल्या सैन्याची परिस्थिती धरून आराखडा करायला हवा.

आणि पुढच्या गाड्या बघा. ७५/३४, मग एम ४३ च्या रुंद सांगाड्यावरची १०५/२५, जिला सैनिक 'बास्सोत्तो' म्हणायचे, आणि ७५/४६. सगळ्या बंद, सगळ्या बुटक्या. म्हणजे अन्साल्दोनेच उघड्या गाडीची वाट सोडली.

यंत्रकी

@उभा_डाव, बंद गाड्यांकडे वळले हे खरं, पण त्या सांगाड्यात ९० मि.मी. तोफ मावली नाही हेही खरं. ७५/४६ ही सुद्धा मुळात विमानविरोधी तोफ. म्हणजे वेगवान तोफ हवीच होती, फक्त बंद पेटीत मावेल एवढी लहान. आणि ती आली तेव्हा युद्धबंदी होऊन गेली होती. थोड्या गाड्या बनल्या त्या जर्मनांनी घेतल्या.

मुळाशी जायचं तर सगळ्या वाटा एकाच ठिकाणी येतात: इटलीकडे २०-२५ टनांचा, ३०० अश्वशक्तीच्या आसपासचा सांगाडा वेळेवर तयार नव्हता. पी २६/४० हा २६ टनी रणगाडा १९४० पासून कागदावर होता. त्याच्या इंजिनाने वर्षं खाल्ली आणि तो हाती आला तोवर इटलीच युद्धातून बाहेर पडली होती. तो सांगाडा १९४२ मध्ये असता तर ९० मि.मी. तोफ, चार-पाच माणसं, चारही बाजूंनी निदान किरचा अडवणारी भिंत आणि तीस-चाळीस गोळे एकाच गाडीत बसले असते. नासहॉर्नने नेमकं हेच केलं. तिथेही वरून उघडं, चिलखत पातळ, उंचीही खूप, आणि तरी रशियाच्या मैदानात तिची ख्याती झाली. नासहॉर्नची ८८ जास्त ताकदीची होती हे खरं. पण मोठा फरक सांगाड्यातला, आणि तो वापरायला मिळालेल्या मैदानातला.

स्केलवाला

एक भर. सिसिलीत अमेरिकनांच्या हाती लागलेली एक गाडी त्यांनी जहाजाने घरी नेली. ती बरीच वर्षं अमेरिकेतल्या अ‍ॅबरडीनच्या लष्करी चाचणी मैदानावर उघड्यावर होती. आता ओक्लाहोमात फोर्ट सिलच्या तोफखाना संग्रहालयात आहे. जगात शिल्लक राहिलेली हीच एक. तिचे मागून घेतलेले रंगीत फोटो बघितले की तोफचीची बैठक, ढालीचे बोल्ट, फिरवायची हातचक्रं सगळं स्पष्ट दिसतं. प्रतिकृती करणाऱ्यांनी युद्धकाळातल्या धूसर फोटोंपेक्षा हेच समोर ठेवावेत.

चिलखत

यंत्रकी आणि दूरबीन यांचं वाचून माझ्या मूळ प्रश्नाचं उत्तर मला तरी मिळालं. दोष वाटायचा झाला तर मी असा वाटेन: मांडणीला दोष नाही, ती काळाच्या बरोबर होती. सांगाड्याला दोष आहे, आणि तो आराखडा करणाऱ्यांच्या हातातला नव्हता. सगळ्यात मोठा दोष २४ च्या २४ गाड्या एका बेटावर नेऊन किनाऱ्यापासून काही मैलांवर ठेवणाऱ्यांचा.

@उभा_डाव, तुमच्या शेवटच्या मुद्द्यावर एवढंच. १९४१ च्या डिसेंबरात अन्साल्दोच्या माणसासमोर रशियाचं मैदान होतं आणि त्या मैदानावरून आलेली मागणी होती. दीड वर्षाने लढाई काम्पोबेल्लोच्या घळीत होणार हे त्याला कळायचा मार्ग नव्हता. ज्याला १९४३ च्या वसंतात ते कळत होतं, त्याने या तोफा टेकड्यांच्या माथ्यावर, दोन-तीनच्या गटाने, खड्डे खणून, पायदळासकट आधीच मांडून ठेवायला हव्या होत्या. ११ जुलैला लिकाताच्या रस्त्यावर घाईघाईने पुढे काढायला नको होत्या. गोळेगाड्याही मग त्याच खड्ड्यांच्या मागच्या उतारावर लपवता आल्या असत्या, आणि स्केलवाला यांनी मांडलेला अंतराचा प्रश्न बराचसा सुटला असता.